नळाजवळचा आरसा

यंदाच्या अंकाचा विषय ‘संकल्प टिकवायचे कसे’ असा आहे आणि त्यावर मी लिहावं असा संपादकांचा आग्रह. त्यांचं म्हणणं, "हमीदमामा, उभी हयात तुम्ही लोकांचे संकल्प मोडताना बघितलेत, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" मी नाही म्हणालो. त्यांना वाटलं, मामा भाव खातायत. भाव कसला खातोय, लाज वाटत होती. ती कशाची, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं. म्हणून बसलोय लिहायला.

मी ड्रेसर. शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात जखमा धुवायच्या आणि पट्ट्या बांधायच्या, एवढंच काम रिटायर होईपर्यंत केलं. आठवड्यातला एक दिवस आमचे डॉक्टर दौंडला बसायचे, तेव्हा मीही त्यांच्या गाडीत मागं, मांडीवर पट्ट्यांचा डबा घेऊन. बाहेरच्या माणसाला ड्रेसर म्हणजे काय ते चटकन कळत नाही. एका लग्नात मुलीकडच्या पाहुण्यानं मला विचारलं होतं, "फेटे बांधून देता का?" म्हटलं, "देतो की, पण पायाला बांधतो."

पायालाच म्हणायचं कारण, आमच्याकडं येणारे बहुतेक साखरेचे पेशंट, आणि साखर सगळ्यात आधी पायाशी खेळते. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की तळपाय बधिर होतो. काटा घुसला, काच लागली, चपलेतला खिळा वर आला, तरी कळत नाही. तुम्हाआम्हाला बारीक खडा टोचला तर आपण तिथल्या तिथं उभं राहून चप्पल झटकतो. या माणसाला तो खडा दिवसभर टोचत असतो आणि हा ऊस बघून, बाजार करून, चार ठिकाणी चहा पिऊन घरी येतो. दुखलं असतं तर त्यानं बघितलं असतं. दुखत नाही म्हणून बघत नाही, आणि बघत नाही म्हणून बोट जातं, कधी पाऊल जातं. उपाय काय, तर रोज एकदा तळपाय डोळ्यानं बघायचा. औषध नाही, खर्च नाही, सुई नाही. पण इतकी सोपी गोष्ट माणसाकडून रोज करून घेणं हे मी बघितलेलं सगळ्यात अवघड काम.

पट्टी सोडताना मला एक गंमत दिसायची. पेशंट स्वतःच्या पायाकडं कधी बघत नाही. तो ड्रेसरच्या तोंडाकडं बघतो. माझ्या कपाळावर आठी पडली की याचा चेहरा उतरतो, मी जरा हसलो की याला वाटतं झालं बरं. मोठमोठे बागायतदार, भाषणं ठोकणारे पुढारी, सगळे तसेच. मी प्रत्येकाला म्हणायचो, "माझ्याकडं नका बघू, पायाकडं बघा." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की घरी जेवतानाही तोंडातून निघून जायचं.

आता संकल्पाचं. बोट काळं पडायला लागलं की माणूस संत होतो. "मामा, आजपासून गोड बंद. मामा, उद्यापासून पहाटे चालायला सुरुवात. मामा, तुमच्या गळ्याची शपथ, अनवाणी पाय टाकणार न्हाई." माझ्या गळ्याच्या इतक्या शपथा खाल्ल्या गेल्यात की मी अजून जिवंत कसा याचं नवल वाटतं. आणि ती माणसं खोटं बोलत नसत. त्या वेळी त्यांना तसंच वाटत असे. पट्टी पायावर असेपर्यंत पथ्य अगदी कडक.

मोडायचं कधी? लोकांना वाटतं, अडचण आली की, लग्नकार्य निघालं की. तसं नाही. मोडायचं ते जखम भरली त्या दिवशी. मी म्हणायचो, "झालं, उद्यापासून पट्टी नको," आणि माणूस दवाखान्याच्या पायऱ्या उतरला की सरळ हलवायाच्या दुकानात. भीती गेली, तिच्याबरोबर संकल्पही गेला. हे लक्षात आल्यावर मी शेवटच्या पट्टीच्या दिवशी कुणाचं अभिनंदन करायचंच सोडलं. त्या दिवशी मी सगळ्यात जास्त खडूस असायचो.

उपदेश तर त्याआधीच सोडला होता. त्याऐवजी विचारायचो, "तुम्ही रोज न चुकता काय करता? डोकं ठिकाणावर नसलं तरी हातून होतंच असं काय?" जे होतंच, त्याच्या शेपटीला पाय बघणं बांधून द्यायचं. शिरूर डेपोचा एक ड्रायव्हर होता, त्याला पांढरे मोजे घालायला लावले. घरी येऊन मोजे काढणं काही चुकत नाही, आणि पांढऱ्यावर डाग लपत नाही. मांडवगण फराट्याच्या एक आजी होत्या, पाय उचलून बघायला कंबर वाकत नव्हती. त्यांनी स्वतःच तोड काढली. सुनेला हुकूम सोडला, रोज संध्याकाळी दिवा लावला की माझ्या पाया पडायचं. सून आधी फुगली. मग आजींनी तिला सांगितलं, "आगं, आशीर्वाद दीन का न्हाई ते नंतर बघू, पाया पडताना माझा तळवा बघत जा." सून माझ्याकडं येऊन तोंडाला पदर लावून हसत होती. पण बघत होती रोज.

माझा सगळ्यात नावाजलेला पेशंट म्हणजे राहू गावचे सोपानआप्पा. माझ्यापेक्षा वयानं मोठे, ऊस, गावात वजन, सोसायटीत शब्द चालायचा. दौंडच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले ते उसाचं वाळकं पाचट पायात घुसून आत पू झालेला घेऊन. पायाची करंगळी काढावी लागली. माणूस तापट. ड्रेसिंगला मी हात लावला की "हळू" म्हणायचे. मी म्हणायचो, "आप्पा, तुम्हाला कळत नाहीये, नुसतं बघून ओरडताय." ते खरं होतं आणि त्यामुळं ते अजून चिडायचे.

त्यांना विचारलं, "रोज न चुकता काय करता?" म्हणाले, "रानातनं आलो की दारातल्या नळावर पाय धुतो. पाय धुतल्याबिगर आमच्यात कोण उंबरा वलांडत न्हाई." म्हटलं, बास. नळाजवळ खाली, गुडघ्याच्याही खाली, एक आरसा ठोका. पाय धुतला की त्यात तळवा बघायचा. त्यांनी तसा ठोकला. गाव हसलं. कोंबड्यांच्या भांगासाठी आरसा लावलाय का म्हणून विचारणारे निघाले. आप्पांनी त्यावर जो नियम केला तो माझ्या डोक्यातही आला नसता. माझ्या नळावर पाय धुतला की आरशात दावायचा, मग तो सालगडी असो, पावणा असो नाहीतर मत मागायला आलेला पुढारी. ते ओट्यावर बसून नाव घेऊन सांगायचे. एकट्यानं करायची गोष्ट त्यांनी घराची रीत करून टाकली. नंतर कितीतरी वर्षं त्यांच्या पायाला साधी भेग पडली नाही. मी दौंडला प्रत्येक पेशंटला त्या आरशाची गोष्ट सांगायचो, आणि खरं सांगू, सांगताना आरसा माझाच असल्यासारखा सांगायचो.

आता माझं.

मला साखर निघाली ती नोकरीतच. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या दिल्या. मी दवाखान्यात कुणाला कळू दिलं नाही. इतरांना दटावणारा माणूस आतून तसलाच, हे लोकांना कळलं तर माझं कोण ऐकणार, असं मी स्वतःला समजावलं. हे अर्धं खरं होतं. अर्धं असं की मला मोठेपणा सोडवत नव्हता. सुरुवातीला मीही संत झालो. पहाटे घोडनदीच्या पुलापर्यंत चालत जायचो. चहा बिनसाखरेचा. पुढं पाऊस लागला, चालणं राहिलं. मग पाऊस संपला तरी चालणं राहिलंच.

आणि पाय बघणं? ते मी सुरूच केलं नाही, कारण मला गरज नाही असं मला वाटत होतं. मी नमाजी माणूस. प्रत्येक नमाजेआधी वजू करायची, म्हणजे हात, तोंड आणि पाय धुवायचे. पाय घोट्यापर्यंत, बोटांच्या फटीतून करंगळी फिरवून. दिवसातून पाच वेळा ज्याचा पाय हातात येतो त्याला आरसा कशाला? जे काम मी लोकांच्या सवयींच्या शेपटीला बांधत होतो ते माझ्याकडं लहानपणापासून बांधलेलं आहे, असा माझा हिशेब. इतका अभिमान होता या गोष्टीचा, की तो हिशेब मी कधी तपासून बघितला नाही.

रिटायर झाल्यावर आप्पांनी जेवायला बोलावलं. "मामा, आता डबा ठिवला न्हवं खाली, या एकदा घरी." मी आणि शमीम, माझी बायको, दोघं राहूला गेलो. भरदुपारची वेळ. आप्पा ओट्यावर बसलेले, त्यांचा मुलगा, सून, घरातली पोरंसोरं दारात. मी नळावर पाय धुतले. आप्पा वरून म्हणाले, "मामा, नियम तुमाला बी हाय बरं का. दावा." सगळे हसले. मीही हसलो. चांगल्यापैकी ऐटीत डावा पाय दाखवला, मग उजवा उचलला.

आरशात माझ्या अंगठ्याच्या खाली, तळव्याच्या उंचवट्यावर, एक घट्टा होता. घट्ट्याच्या कडा पाण्यानं पांढऱ्या पडलेल्या आणि मधे भोक. मी ते भोक ओळखलं. असली भोकं मी आयुष्यभर साफ केलीत. दुसऱ्याचा पाय असता तर मी दारातूनच वासावरून सांगितलं असतं, आत पू आहे म्हणून. माझा हात त्या घट्ट्यावरून रोज फिरत होता. हाताला खरखरीत लागायचंसुद्धा. पण हात धुवायचं काम करत होता आणि मी समोरच्या फरशीकडं बघत, कुठला तरी विचार करत उभा असायचो. सवय इतकी पक्की झाली होती की तिला माझी गरजच उरली नव्हती.

मी पाय खाली टाकला. पण आप्पा खाली उतरले होते. त्यांनी वाकून माझा घोटा धरला, पाय परत आरशासमोर नेला आणि बराच वेळ बघितला. मग माझ्याकडं वर बघून, अगदी खरोखर समजत नाही अशा सुरात म्हणाले, "मामा, तुमी तर दिसातनं पाच येळा पाय धुता."

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. तो टोमणा नव्हता. त्या दारात, त्या पोरांसमोर मला जी लाज वाटली तशी मला आयुष्यात वाटलेली नाही. एका माणसाची करंगळी गेली तेव्हा मी त्याला शहाणपण शिकवलं होतं, आणि तो माणूस आता माझा पाय हातात धरून बसला होता. शमीमनं एकदाच विचारलं, "तुम्हाला साखर आहे?" घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण त्या दिवशी ती सगळ्यांसमोर मराठीत बोलली. मी तिच्यापासूनही लपवलं होतं. गोळ्या पित्ताच्या म्हणून घेत होतो.

जेवण तसंच राहिलं. आप्पांच्या मुलानं गाडी काढली आणि आप्पाच पुढं बसून मला शिरूरला घेऊन आले, माझ्याच जुन्या दवाखान्यात. माझ्या जागी आता सुनंदा आहे, मीच शिकवलेली. ज्या टेबलावर मी लोकांना दटावलं त्या टेबलावर आडवा झालो. तिनं चिमट्यानं कडा कापायला सुरुवात केली. मला काहीच कळत नव्हतं, आणि काहीच कळत नाही हेच सगळ्यात भयंकर होतं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिच्या ते लक्षात आलं. तिनं मान खाली घातली. माझं वाक्य तिला पाठ होतं, माझी अब्रू राखायला तिनं ते गिळलं. डॉक्टर म्हणाले, हाडापर्यंत गेलं असेल तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठा गेला की पुढं पायाचं सांगता येत नाही.

हाडापर्यंत गेलं नव्हतं. थोडक्यात वाचलो. पुढचे महिने पट्ट्यांचे. मी संत झालो, हे वेगळं सांगायला नको. गोड बंद, अनवाणी बंद, शमीमला सगळं खरं सांगितलं. ती बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती आणि तिचं बरोबर होतं. आप्पांचा रोज संध्याकाळी व्हिडिओ फोन यायचा. "हां, दावा." मी पट्टी बांधलेला पाय फोनसमोर धरायचो, ते त्यांचा धरायचे. वडीलधाऱ्या माणसाला तळवा दाखवायचा म्हणजे आमच्याकडं केवढा अपमान. आम्ही दोन म्हातारे तो रोज एकमेकांचा करत होतो.

मग तो दिवस आला. सुनंदानं शेवटची पट्टी सोडली आणि म्हणाली, "मामा, झालं. उद्यापासून पट्टी नको." चेहरा अगदी खडूस ठेवला होता तिनं. तेही मीच शिकवलेलं. मी सगळं ओळखून होतो. हा दिवस कसा असतो ते माझ्याइतकं या तालुक्यात कुणाला माहीत असेल? तरी मी पायऱ्या उतरलो, बाजारात गेलो आणि हलवायाच्या दुकानापुढं उभं राहून जिलबी खाल्ली. गरम होती. चव अजून तोंडात आहे, म्हणून सांगताना जास्तच लाज वाटते.

संध्याकाळी आप्पांचा फोन वाजला. मी तो पालथा घातला. पाय बरा झालाय, आता काय रोज दाखवायचं, असं वाटलं. अगदी हेच शब्द मी लोकांच्या तोंडून ऐकले होते आणि मनातल्या मनात हसलो होतो. परत वाजला तेव्हा शमीमला म्हटलं, "झोपलेत म्हणून सांग." तिनं फोन उचलला आणि माझ्या तोंडावर सांगितलं, "जागे आहेत, आप्पा. तुमचा फोन बघून तोंड फिरवलंय." तिकडून आप्पा एवढंच म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. त्या ‘बरं’नंतर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची कडी वाजली. आप्पा. एसटीनं आले होते, एकटेच, बोट नसलेल्या पायानं स्टँडपासून चालत. हातात पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला तो आरसा. कडेचा पारा उडालेला, वर नळाच्या पाण्याचे पांढरे डाग.

मी म्हटलं, "आप्पा, हा कशाला काढला? तुमच्या नळाला काय?"

"तिथं रातीच घरातला दुसरा लावलाय. ह्यो तुमचा हाय. तुमीच सांगितल्याला." फोनबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. शमीमकडून हातोडी मागून घेतली. मी घेतो म्हटलं तर दिली नाही. मी वजू करतो त्या नळाशी ते पाट घेऊन बसले आणि गुडघ्याच्याही खाली आरसा ठोकला. हातोडीचा आवाज ऐकून शेजारची माणसं बघायला आली. मी त्यांच्या मागं उभा होतो, आणि त्या माणसाला बसायलासुद्धा सांगायचं सुचलं नव्हतं मला.

दुपारच्या नमाजेची वेळ झाली. मी नळ सोडला. हात धुतले, तोंड धुतलं, पाय धुतला आणि उचलून आरशासमोर धरला. आरशात माझा तळवा होता, आणि त्याच्या वर, मागं उभ्या असलेल्या आप्पांचं तोंड. ते रागावलेत का, ते मला बघायचं होतं. निदान जरा हसतात का, ते तरी.

आप्पा म्हणाले, "माझ्याकडं नका बघू, मामा. पायाकडं बघा."